काचेची घडी

काचेची घडी घालता येते, असं वाक्य वीस वर्षांपूर्वी कुणी विज्ञानाच्या वहीत लिहिलं असतं, तर बाईंनी खाली लाल रेघ ओढली असती. आज तशी काच खिशात घालून लोक लोकलमध्ये चढतात. दिवसातून कितीदा तरी ती मिटतात, उघडतात आणि वर तक्रारही करतात, की मधोमध एक चुणी दिसते. चमत्कार झाला, ठीक आहे. आता तो इस्त्री करून हवा.

ही इस्त्री ॲपल करून देईल, अशी आशा धरून बसलेले पुष्कळ आहेत. सॅमसंगने आपला पहिला घडीचा फोन २०१९ साली विक्रीला आणला. मग हुआवे, ओप्पो, ऑनर, मोटोरोला, गूगल असे एकेक जण त्या पंगतीला येऊन बसले. ॲपल तेवढी बाहेर उभी. कंपनीने स्वतः अजून अवाक्षर काढलेलं नाही. पण कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या हालचालींवरून भाकितं करणं हा आता एक धंदाच आहे. त्यातले नावाजलेले तैवानी विश्लेषक मिंग-ची कुओ यांनी मार्च २०२५ मध्ये या फोनची जवळजवळ पत्रिकाच मांडली. पुस्तकासारखा उघडणारा फोन, आतली स्क्रीन ७.८ इंच, बाहेरची ५.५ इंच, उघडल्यावर जाडी ४.५ ते ४.८ मिलिमीटर, मिटल्यावर ९ ते ९.५. चेहरा ओळखणारी यंत्रणा नाही, त्याऐवजी बाजूच्या बटणावर बोटाचा ठसा. किंमत २००० ते २५०० डॉलर. आणि मुख्य म्हणजे, चुणी नाही.

यातलं किती खरं ठरतं ते फोन आल्यावर कळेलच. मला गंमत वाटली ती लोकांच्या मागण्यांची. चुणी नको, जाड नको, बॅटरी दीड-दोन दिवस पुरावी, कॅमेरा एवढ्या पैशांना शोभेल असा हवा, आणि गणपतीपुळ्याच्या वाळूत नेला तर परत येताना जिवंत असावा. यातल्या एकेका मागणीच्या पोटात शिरलं, की प्रत्येक वाट फिरून एकाच ठिकाणी येते: जाडी. या फोनमध्ये प्रत्येक इच्छेचं मोल मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजून द्यावं लागतं. आणि एकीला दिलेले मायक्रॉन दुसरीच्या वाट्यातून काढावे लागतात.

काचेपासून सुरुवात करू. काच ठिसूळ असते, हे लहानपणी बरणी फोडून आपण सगळेच शिकलेलो असतो. पण ठिसूळ वस्तूला वाकायची मनाई नसते. कुठलीही पट्टी वाकवली, की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. किती ताणली जाते, याचं गणित अगदी शाळकरी आहे: पट्टीची जाडी भागिले वाकाच्या त्रिज्येची दुप्पट. साध्या फोनवरची काच अर्ध्या मिलिमीटरच्या आगेमागे असते. फोन मिटताना वाकाची त्रिज्या दीड मिलिमीटर धरली, तर या काचेचा पृष्ठभाग सोळा-सतरा टक्क्यांनी लांबायला हवा. इतकं ताणणं रबराला जमेल. काच त्याच्या कितीतरी आधी तुकडे होऊन मोकळी होईल. आता तीच काच ३० मायक्रॉन जाडीची घ्या. गणितात आकडा घाला आणि उत्तर बघा: एक टक्का. काच तीच, तिचा ठिसूळपणा तोच. फक्त तिच्याकडून मागितलेला ताण सतरा पटींनी खाली आला, आणि एक टक्का ती देऊ शकते.

अर्थात, तिच्या अंगावर ओरखडा नसेल तर. एवढ्याशा ओरखड्याने काच का तुटते, हे कोडं सुटलं ते शंभर वर्षांपूर्वी, आणि तेही विमानांच्या कामातून. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत ॲलन ग्रिफिथ नावाचा विशीतला इंजिनियर होता. अणू एकमेकांना ज्या बळाने धरून असतात, त्या हिशेबाने काच फार मजबूत असायला हवी. प्रत्यक्षात ती त्याच्या कितीतरी आधी तुटते. असं का, हे बघायला ग्रिफिथने काचेचे धागे ओढले आणि त्यांना वजनं टांगली. धागा जितका बारीक, तितकी काच बळकट निघाली. अगदी बारीक धागे जाड काचेच्या कित्येक पट ताण सोसत होते. १९२० च्या सुमारास त्याने त्याचं कारण मांडलं. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात, आणि ओढलं की सगळा ताण त्या भेगेच्या टोकाशी गोळा होतो. काच सगळीकडून एकदम तुटत नाही. एका भेगेची वाट धरून तुटते. बारीक धाग्यात मोठी भेग मावतच नाही. भेगा कशा वाढतात आणि वस्तू का मोडतात, याचं आज जे शास्त्र आहे, त्याचा पाया या धाग्यांवर घातला गेला.

म्हणून फोनच्या काचेला भेगांविरुद्ध तयार करावं लागतं. तिला सुमारे ४०० अंश तापलेल्या, वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवतात. काचेतले सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे आयन शिरतात. पोटॅशियम आकाराने मोठं. लहान जागेत मोठा पाहुणा शिरल्यामुळे पृष्ठभाग चहूबाजूंनी दाबला जातो, आणि दाबलेल्या पृष्ठभागावरची भेग उघडू शकत नाही. २००७ च्या पहिल्या आयफोनपासून आपल्या हातात आलेल्या बळकट काचेची युक्ती हीच. घडीच्या फोनमध्ये ती केसापेक्षा पातळ काचेवर करायची असते, एवढाच फरक. पण हा 'एवढाच' फार मोठा आहे. सॅमसंगच्या २०१९ च्या फोल्डमध्ये वाकणाऱ्या स्क्रीनवर काच नव्हतीच, प्लास्टिकची फिल्म होती. २०२० च्या झेड फ्लिपमध्ये पहिल्यांदा ३० मायक्रॉनची काच आली, जर्मनीच्या शॉट कंपनीची. तिच्यावरही प्लास्टिकचा एक थर लागतोच. त्यामुळे आजही या स्क्रीनवर नख जोरात दाबलं तर खूण उठते. काच आत आहे. बोट लागतं ते प्लास्टिकला.

आणि काचेच्या खाली काय आहे? इथे मला खरी मजा वाटते. प्रकाश देणारा भाग, म्हणजे ओएलईडी, हा सेंद्रिय रसायनांच्या थरांचा असतो. कोडॅकमध्ये चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली त्याची चालणारी रचना मांडली. हे सगळे थर मिळून एका मायक्रॉनपेक्षाही कमी भरतात. जुन्या एलसीडीला पाठीमागून दिवा लागायचा आणि दोन काचांमध्ये द्रवाची नेमकी फट राखावी लागायची. ती वाकवली की चित्राचा चिखल. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, म्हणून त्याला वाकवता येतं. पण त्याला बसायला आसन हवं, आणि ते वाकणारंही हवं आणि कारखान्यातली उष्णता सोसणारंही. हे दोन्ही गुण असलेलं प्लास्टिक म्हणजे पॉलिइमाइड. ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. चांद्रयानाच्या अंगावरची ती सोनेरी चकाकी आठवते? सोनं नव्हे ते. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पॉलिइमाइडचे पातळ थर. अंतराळातल्या टोकाच्या थंडी-उष्णतेत टिकणारी चीज फोनच्या स्क्रीनखाली येऊन बसली आहे.

ती तिथे बसते कशी, हेही ऐकण्यासारखं आहे. मऊ, लुसलुशीत प्लास्टिकवर लाखो ठिपके नेमक्या जागी बसवता येत नाहीत. म्हणून कडक काचेच्या तक्त्यावर पॉलिइमाइड ओततात, भाजून घट्ट करतात आणि त्यावर सगळी स्क्रीन रचतात. शेवटी काचेच्या खालच्या बाजूने अतिनील लेझर फिरवतात. तो काचेतून आरपार जातो आणि पॉलिइमाइडची फक्त टेकलेली पातळ कड जाळतो. स्क्रीन काचेवरून अलगद सुटते. ज्या काचेवर तिचा जन्म झाला, ती फोनमध्ये येतच नाही.

आता चुणीकडे येऊ, कारण बहुतेकांची सगळी आशा तिच्यावर खिळली आहे. जाड पुस्तक मधोमध वाकवून पाहा: पानं एकमेकांवरून सरकतात आणि कडेला उतार तयार होतो. पानं डिंकाने चिकटवलेली असती, तर पुस्तक वाकलंच नसतं. स्क्रीन म्हणजे अशीच चिकटवलेली पानं: वरची फिल्म, काच, स्पर्श ओळखणारा थर, ओएलईडी, पॉलिइमाइड, खाली लेझरने बारीक छिद्रं पाडलेली धातूची पट्टी, आणि प्रत्येक दोहोंमध्ये पारदर्शक गोंद. हा गोंद मऊ ठेवतात, म्हणजे थर किंचित सरकू शकतात आणि प्रत्येक थर आपापल्या मधल्या रेषेभोवती वाकतो. पण मऊ गोंदाला आठवण फार. फोन रात्रभर मिटून ठेवला, की गोंद हळूहळू त्या आकारात वाहतो, आणि सकाळी उघडल्यावर पूर्ण परत येत नाही. प्लास्टिकचे थरही तसेच. अशा अनेक रात्रींनंतर मधोमध एक उथळ दरी तयार होते. गोंद कडक केला तर दरी कमी, पण ताण काचेवर जातो. काच जाड केली तर ती सपाट राहायचा हट्ट धरते, पण वाकताना तुटण्याच्या जवळ जाते. पुन्हा मायक्रॉनची देवाणघेवाण.

या दरीची खोली खरं तर नगण्य असते. मग ती दिसते कशामुळे? आपले डोळे खोली बघतच नाहीत, ते उतार बघतात. आरसा एका अंशाने कलला, तर त्यातून परतणारा किरण दोन अंशांनी वळतो. दोन मीटरवर ट्यूबलाइट असेल, तर स्क्रीनच्या एक अंश उताराने तिचं प्रतिबिंब सात सेंटीमीटर सरकल्यासारखं दिसतं. बोटाला जेमतेम कळेल असा उतार डोळ्यांना ठळक दिसतो, तो या दुपटीमुळे. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघताना चुणी गायब होते आणि खिडकीशी बसलं की परत येते, तेही याचमुळे. 'चुणी नाही' असं जो कुणी म्हणेल, त्याला आधी विचारावं: दिवा कुठे होता?

उतार कमी करायचा, तर वाकाची त्रिज्या वाढवायला हवी. त्रिज्या वाढवली की मिटलेला फोन मध्ये फुगतो, आणि सॅमसंगच्या सुरुवातीच्या फोल्डसारखी फोनच्या दोन पाळ्यांमध्ये पाचरीसारखी फट राहते. तो फोन मिटल्यावर बिजागरीपाशी १७ मिलिमीटर जाड होता. त्यावरचा तोडगा मला या सगळ्यात सर्वांत हुशार वाटतो. फोन मिटताना बिजागरीतल्या पट्ट्या मागे सरकतात आणि स्क्रीनला आत पोकळी करून देतात. स्क्रीन त्या पोकळीत पाण्याच्या थेंबाच्या आकारात वळते: कडेला दोन्ही पाळ्या एकमेकींना टेकलेल्या, आत मोठा गोलावा. त्रिज्याही वाढली आणि फटही गेली. २०२१ च्या शेवटी आलेल्या ओप्पोच्या फाइंड एनमध्ये ही रचना होती, आणि आता जवळपास सगळेच ती वापरतात. जाडी किती उतरली बघा: ओप्पोचा फाइंड एन ५ आणि सॅमसंगचा झेड फोल्ड ७, दोन्ही २०२५ चे, मिटल्यावर नऊ मिलिमीटरच्या आत आणि उघडल्यावर साधारण ४.२.

पण ही कसरत करणाऱ्या बिजागरीचे डझनावारी इवलेसे भाग लाखो वेळा हलून सूतभरही सैल पडता कामा नयेत. सॅमसंगने पहिल्या फोल्डला दोन लाख घड्यांची कसोटी लावली होती. झेड फोल्ड ७ च्या स्क्रीनने पाच लाखांची पार केली. कुओ यांचा अंदाज असा, की ॲपल बिजागरीत धातूची काच वापरेल. हा शब्दांचा घोळ नाही, अशी वस्तू खरोखर असते. नेहमीच्या धातूत अणू कवायतीला उभे राहिल्यासारखे रांगेत असतात, आणि ताण आला की रांगा एकमेकींवरून घसरतात. धातू वाकतो तो असा. १९६० साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत पोल ड्युवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनं आणि सिलिकॉन यांचं वितळलेलं मिश्रण इतक्या वेगाने, सेकंदाला दहा लाख अंशांच्या घरात, थंड केलं, की अणूंना रांगा लावायला वेळच मिळाला नाही. द्रवातला गोंधळ तसाच गोठला. रांगाच नाहीत म्हटल्यावर घसरायलाही काही नाही. असा धातू सुमारे दोन टक्क्यांपर्यंत ताणला तरी सोडल्यावर मूळ आकारात परत येतो. नेहमीचे धातू अर्धा-एक टक्का गाठण्याआधीच कायमचे वाकतात. पुढे सावकाश थंड केले तरी काचरूप राहणारे मिश्रधातू सापडले, म्हणून त्यांचे भाग साच्यात ओतता येऊ लागले. ॲपलने अशा मिश्रधातूचे हक्क २०१० सालीच घेतले होते, आणि तोवर आयफोनबरोबर मिळणाऱ्या सिमकार्ड काढायच्या इवल्या पिनेत तो वापरूनही झाला होता. म्हणजे त्या फोनात धातूप्रमाणे वाकणारी काच असेल आणि काचेप्रमाणे गोठलेला धातू. पदार्थांनी आपापसांत नोकऱ्या बदलून घ्याव्यात तसं.

वाळूचं उत्तर छोटं आणि कडू आहे. घडीच्या फोनला बिजागरीपाशी फट असतेच. २०१९ मध्ये पहिला फोल्ड परीक्षकांच्या हाती गेला, तेव्हा काहींनी वरची फिल्म संरक्षक कागद समजून ओढून काढली, आणि काहींच्या स्क्रीनखाली कण शिरले. कंपनीला विक्री एप्रिलवरून सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलावी लागली. झेड फोल्ड ७ चं मानांकन आयपी ४८ आहे. त्यातला ८ पाण्याचा, तो उत्तम. ४ घन कणांचा, आणि त्याचा अर्थ फक्त एक मिलिमीटरहून मोठी वस्तू आत जाणार नाही. कोकणातली वाळू त्याहून बारीक असते. २०२५ मध्ये गूगलच्या पिक्सेल १० प्रो फोल्डने धुळीसाठी ६, म्हणजे सर्वोच्च आकडा मिळवला, तेव्हा हे अशक्य नाही एवढं सिद्ध झालं. मात्र तो फोन या नव्या पातळ फोनांपेक्षा जाड आहे. योगायोग म्हणवत नाही.

बॅटरीवर मात्र थांबायला हवं. फोनमधल्या ५००० एमएएच बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा असते. हा आकडा कोरडा वाटतो, म्हणून तो उलगडून बघू: तेवढी ऊर्जा सत्तर किलोच्या माणसाला शंभर मीटर उंच, म्हणजे तीसेक मजले, उचलायला पुरेल. ती आपण तळहातावर घेऊन रील बघत असतो. ही किमया लिथियमची, आणि तिच्यासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. सोनीने १९९१ मध्ये ही बॅटरी विकायला काढली, त्याला तीन दशकं उलटली, आणि चार्जिंग करताना लिथियम साठवण्याची वखार आजही मुख्यतः ग्राफाइटच आहे. ग्राफाइटमध्ये एक लिथियम ठेवायला कार्बनचे सहा अणू लागतात. सिलिकॉनचा हिशेब उलटा: चार सिलिकॉन मिळून पंधरा लिथियम सांभाळतात. वजनाला वजन ठेवलं, तर साठवण ग्राफाइटच्या जवळजवळ दहापट.

मग ग्राफाइट फेकून का देत नाहीत? कारण पोटभर लिथियम खाल्लेलं सिलिकॉन फुगून जवळजवळ चौपट होतं, आणि रिकामं झालं की आक्रसतं. रोज फुगायचं, रोज आक्रसायचं. काही आठवड्यांत त्याचा भुगा. उपाय असा निघाला, की सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण कार्बनच्या सच्छिद्र जाळीत कोंडायचे, म्हणजे फुगायला जागा आतच मिळते. ऑनरने २०२३ मध्ये मॅजिक ५ प्रोच्या चिनी आवृत्तीत अशी सिलिकॉन-कार्बन बॅटरी दिली. त्यानंतर चिनी कंपन्यांच्या साध्या फोनांत ६००० आणि मग ७००० एमएएचचे आकडे दिसू लागले. फाइंड एन ५ मध्ये ५६०० आहे. त्याच जाडीच्या झेड फोल्ड ७ मध्ये ४४००. सॅमसंगचे मोठे एस अल्ट्रा फोन २०२० पासून २०२५ पर्यंत ५००० वरच अडकून राहिले.

हे अडकणं सावधगिरीचं आहे, आणि सॅमसंगकडे तिचं कारण आहे: २०१६ मध्ये नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या आणि तो फोन जगभरातून मागे घ्यावा लागला. पण आणखी एक आडकाठी आहे, ती कागदावरची. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या वाहतुकीच्या नियमांत लिथियमचा एक सेल २० वॅट-तासांपर्यंत असेल, तर सवलती मिळतात. त्यापुढे गेला की बांधणी, कागदपत्रं, खर्च, सगळं वाढतं. २० वॅट-तास म्हणजे सुमारे ५२०० एमएएच. अनेक फोन त्या उंबरठ्याच्या अलीकडेच का थांबतात, हे यावरून उमगतं. आता घडीच्या फोनची गंमत बघा. त्याच्या दोन पाळ्या असल्यामुळे त्यात सेलही दोन असतात, आणि मर्यादा प्रत्येक सेलला वेगळी. सगळ्यांत पातळ फोनलाच मोठ्या बॅटरीची मुभा जास्त. जागा मात्र नाही.

कॅमेऱ्याची रड निराळी. आपल्याला मोठा सेन्सर हवा असतो, म्हणजे रात्रीचे फोटो स्वच्छ येतात. सेन्सर मोठा केला, की तेवढंच दृश्य त्यावर पसरवायला भिंग त्याच्यापासून लांब न्यावं लागतं. आजच्या महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात हे अंतर सहा-सात मिलिमीटरच्या घरात जातं, वर भिंगांची उतरंड वेगळी. आणि पाळीची जाडी आहे साडेचार. म्हणून पाठीवर तो उंचवटा येतो. डिझाइन करणाऱ्यांची हौस म्हणून नव्हे, प्रकाशाला तेवढं चालावंच लागतं म्हणून. चेहरा ओळखण्याची ॲपलची यंत्रणाही याच कारणाने गाळली जाईल असं म्हणतात. ती चेहऱ्यावर तीस हजारांहून अधिक अवरक्त ठिपके टाकते आणि ते वाचते, त्यासाठी तिला खोली लागते.

दुसरी वाट म्हणजे सेन्सरचे ठिपके लहान करणं. झेड फोल्ड ७ च्या २०० मेगापिक्सेल सेन्सरचा एकेक ठिपका ०.६ मायक्रॉनचा आहे. तांबड्या प्रकाशाच्या लहरीची लांबी ०.७ मायक्रॉनपर्यंत जाते. म्हणजे लाट मोजायला ठेवलेलं भांडं लाटेपेक्षा लहान! भिंग कितीही निर्दोष असलं, तरी प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर दोनेक मायक्रॉनचा ठिपका होऊनच पडतो, आणि तो आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना सेन्सरची तीन-चार घरं व्यापतो. मग ही घरं एकत्र करून मोजतात, सोळा मिळून एक, आणि २०० मेगापिक्सेलचा फोटो बहुतेक वेळा साडेबाराचा होऊन हातात येतो. जाहिरातीतला आकडा खोटा नसतो, पण तो वाचताना हे सोळा लक्षात असू द्यावेत.

भिंगच सपाट करता आलं तर? २०१६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात फेदेरिको कापासो यांच्या गटाने डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशासाठी असं भिंग करून दाखवलं. काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचे, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बुटके खांब, आणि प्रत्येक खांब प्रकाशाला नेमका तेवढाच उशीर करतो, जेवढा वक्र भिंगाने त्या जागी केला असता. वक्रता नाहीच, फक्त खांबांची रांगोळी. एका रंगासाठी ते छान चालतं. सगळे रंग एकाच जागी आणायला अजून झगडावं लागतं. म्हणून अंतर मोजणाऱ्या अवरक्त सेन्सरांत अशी भिंगं पोहोचली आहेत, पण मुलाच्या वाढदिवसाचा फोटो काढायला अजून जुनीच उतरंड लागते.

आणि हे सगळं जिंकलं, तरी जाडीला तळ आहे. तो काचेने ठरवला नाही, लिथियमने नाही, प्रकाशाने नाही. यूएसबी-सी या चार्जिंगच्या भोकाची उंची सुमारे २.६ मिलिमीटर आहे. त्याच्या वर-खाली भिंत आणि स्क्रीन हवी, की झाले चार. आजचे सर्वांत पातळ घडीचे फोन या भोकाला अक्षरशः घासून उभे आहेत. युरोपीय संघाने २०२४ च्या डिसेंबरअखेरपासून नव्या फोनांना हेच भोक सक्तीचं केलं. फक्त तारेशिवाय चार्ज होणाऱ्या फोनला मात्र ते लागू नाही. तेव्हा कधीतरी एखादा फोन भोकाविना येईल आणि आणखी अर्धा मिलिमीटर उतरेल, याची मला खात्री वाटते. जाहिरातही मोठी होईल.

पण मला कुणी विचारलं, तर माझी मागणी उलटी आहे. ढोबळ हिशेब करून बघितला. दोन्ही पाळ्यांत बॅटरीला प्रत्येकी साठ बाय सत्तर मिलिमीटरची जागा धरली आणि उघडलेला फोन अर्धा मिलिमीटर जाड होऊ दिला, तर सवाचार घनसेंटीमीटर जागा मिळते. आजच्या बॅटऱ्या घनसेंटीमीटरला पाऊण वॅट-तासाच्या आसपास देतात. म्हणजे तीन वॅट-तासांहून थोडी जास्त ऊर्जा, सुमारे ८०० एमएएच. रोज संध्याकाळी सात वाजता चार्जर शोधणाऱ्या माणसाची दीड-दोन तासांची सोय. वर, बिजागरीला धूळ अडवायला थोडं अंग मिळेल आणि गोंदाला सरकायला. हा अर्धा मिलिमीटर कुठल्याही कंपनीच्या मंचावर टाळ्या मिळवून देणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी पुढच्या सप्टेंबरात वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ॲपलच्या दुकानाबाहेर पहाटेपासून रांगेत उभ्या राहणाऱ्यांपैकी कुणाची कंपनीत ओळख असलीच, तर एवढा निरोप द्यावा.